‘सत्या’ पुन्हा कसा बघावा : एक वही, तीन बैठका आणि मेलेल्यांची यादी

माझं माहेरचं आडनाव म्हात्रे. गाव उरण तालुक्यातलं. ३ जुलै १९९८ ला राम गोपाल वर्मांचा ‘सत्या’ हा मुंबईतल्या टोळ्यांवरचा हिंदी चित्रपट लागला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, धाकटा भाऊ सतराचा. पहिल्याच आठवड्यात आम्ही दोघं भर पावसात पनवेलला जाऊन बघून आलो, आणि त्या दिवसापासून माझ्या भावाचं नाव गेलं. चित्रपटातल्या टोळीच्या म्होरक्याचं, मनोज बाजपेयींनी केलेल्या पात्राचं, नाव भीकू म्हात्रे. कॉलेजात, एसटीच्या थांब्यावर, गावच्या मैदानात भावाला सगळे ‘भीकू’ म्हणायला लागले. वर्षभर त्यालाही ते आवडलं. केस तसे वाढवले, शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून हिंडला. पुढे तीन-चार वर्षांनी एका खाजगी कंपनीत मुलाखतीला गेला. टेबलापलीकडच्या दोघांनी अर्जावरचं आडनाव मोठ्याने वाचलं, एकमेकांकडे बघितलं आणि ‘भीकूभाई, आमच्याकडे हप्ता नाही मिळणार’ म्हणून हसले. त्या दिवशी तो घरी येऊन न जेवता झोपला. काय झालं ते आम्हाला आठवड्याने कळलं.

तरीही मला हा चित्रपट मनापासून आवडतो. म्हणूनच तो पुन्हा तपासून बघावासा वाटला. फेरमूल्यांकन म्हणजे गाजलेल्या गोष्टीला खाली ओढणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तसं वाटत नाही. घरातल्या जुन्या दागिन्याला आपण अधूनमधून सोनाराकडे नेतो, ते विकायला नाही. डाख सुटलाय का, खडा हललाय का, ते बघायला. गेली काही वर्षं आम्ही दहा-बारा जण दर महिन्याला एका वाचनालयाच्या सभागृहात चित्रपट बघतो आणि त्यावर बोलतो. ‘सत्या’साठी आम्ही लागोपाठ तीन शनिवार ठेवले होते. त्यातून जी पद्धत बसली ती इथे सांगते. दुसऱ्या कुठल्याही टोळीपटाला ती लावता येईल, पण मी ‘सत्या’ धरूनच सांगणार आहे.

चित्रपट लावायच्या आधी

एक दोनशे पानी वही घ्या आणि चित्रपट सुरू करायच्या आधी पहिलं पान भरा. तुम्हाला ‘सत्या’तलं काय काय आठवतं ते लिहा. इंटरनेटवर काही बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. कोण कुठे मरतं, कुठला प्रसंग आधी, कुठला नंतर, कोण काय बोलतं, जसं आठवेल तसं. तारीख टाका आणि पान दुमडून ठेवा.

ही पायरी चुकवू नका. पंचवीस-तीस वर्षांत आपल्या डोक्यात दुसराच चित्रपट तयार झालेला असतो. गाणी रेडिओवर ऐकलेली, संवाद मित्रांच्या तोंडून ऐकलेले, नकला बघितलेल्या, टीव्हीवर तुकड्यातुकड्याने पाहिलेला, असं सगळं मिळून तो बनतो. त्या आठवणीचं मूल्यमापन करून उपयोग नाही.

माझ्या पानावर काय निघालं ते सांगते. समुद्राकाठच्या खडकावर उभं राहून भीकू ओरडतो, तो प्रसंग मी चित्रपटाचा कळस म्हणून लिहिला होता. प्रत्यक्षात तो मधेच येतो, विरोधी टोळीच्या गुरू नारायणचा काटा काढल्यावर, आणि लगेच संपतो. भीकूच्या टोळीत आलेल्या सत्याने, म्हणजे नायकाने, त्याचं प्रेम असलेल्या विद्याला काय काय समजावलं ते मी चार ओळी भरून लिहिलं होतं. प्रत्यक्षात सत्या बोलतोच फार कमी. त्या चार ओळी माझ्याच मनातल्या होत्या. आणि थिएटरातल्या चेंगराचेंगरीचा प्रसंग माझ्या पानावर नव्हताच. त्यावर पुढे येते.

आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी त्यांच्या पानावर भीकूला दोन वेळा मारलं होतं, एकदा टोळीच्या पाठीशी असलेल्या भाऊ या पुढाऱ्याच्या घरी आणि एकदा रस्त्यावर. कुठल्या तरी दुसऱ्या चित्रपटातलं मरण त्यांनी याला जोडून टाकलं होतं. हे फार होतं, कारण ‘सत्या’नंतर त्याच्यासारखे चित्रपट इतके आले की त्यांची सरमिसळ होतेच.

प्रत कुठली घ्यायची

थोडक्यात सांगते. टीव्हीवरून उतरवलेली, कापलेली प्रत घेऊ नका. चित्रपट जवळजवळ पावणेतीन तासांचा आहे. तुमची प्रत त्याहून फारच लहान असेल तर तिच्यात काहीतरी गळलं आहे. फोनवर बघू नका. आवाजासाठी बरे स्पीकर लावा, कारण संदीप चौटाच्या पार्श्वसंगीतावर आणि शहराच्या आवाजांवर या चित्रपटाचा अर्धा डोलारा उभा आहे. आणि मोठ्या पडद्यावर योग आला तर सोडू नका. १७ जानेवारी २०२५ ला तो पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा मी गेले होते. छोट्या पडद्यावर जे नुसतं काळं दिसतं, त्या काळ्यात माणसं उभी आहेत हे मला तिथे दिसलं.

पहिली बैठक : न थांबता

पहिल्यांदा सलग बघा. वही बंद, पॉजचं बटण बंद. मध्ये गप्पा नाहीत. चित्रपटाला त्याचं काम करू द्या. शेवटची पाटी गेली की पाच मिनिटांत एकच पान लिहा : कुठे हसलात, कुठे अंग शहारलं, कुठे कंटाळलात, कुठे लाज वाटली. कारणं नंतर शोधता येतील.

हे मुद्दाम सांगते, कारण जाणकार मंडळी पहिल्या मिनिटापासून चष्मा लावून दोष टिपत बसतात. ‘सत्या’ची ताकद आधी अंगावर घेतली नाही तर त्याच्यातलं काय खटकतं हेही नीट कळत नाही. टोळीतली पोरं एका खोलीत पत्ते, शिव्या, दारू, टवाळक्या करत बसलेली असतात, तिथे आमचं सगळं सभागृह हसलं. आणि आपण ज्यांच्याबरोबर हसलो त्यांचा धंदा काय आहे, हे कळूनही हसू थांबलं नाही. हेच या चित्रपटाचं मोठं यश. सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांनी ही माणसं लिहिताना त्यांना कंटाळा दिला, भूक दिली, बायकोचं बोलणं खायला लावलं. त्याआधी हिंदी पडद्यावरचा गुंड बहुतेक वेळा पांढरा सूट घालून मोठ्या बंगल्यात असायचा. इथे तो लुंगीवर बसून फोन घेतो.

त्याच पानावर माझी एक लाजही नोंदलेली आहे. भीकू मारायला निघतो तेव्हा मी पुढे सरकून बसले होते.

त्या वर्षात जाऊन बसा

दुसऱ्या बैठकीआधी आठवडाभर थोडं वाचा. १९९७-९८ ची मराठी वर्तमानपत्रं एखाद्या जुन्या ग्रंथालयात बघायला मिळाली तर उत्तमच. तेव्हाची मुंबई कशी होती हे कळल्याशिवाय या चित्रपटाला न्याय देता येत नाही. १६ जानेवारी १९९७ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांना पवईत भर रस्त्यात गोळ्या घातल्या. १२ ऑगस्ट १९९७ ला कॅसेटसम्राट गुलशन कुमार यांचा अंधेरीत देवळाबाहेर खून झाला. बिल्डर, हॉटेलवाले, चित्रपट निर्माते यांना खंडणीचे फोन येणं हे रोजचं झालं होतं. सिनेमाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणाही १९९८ चीच. तोवर बँका या धंद्याला सहज कर्ज देत नव्हत्या आणि नको तो पैसा आत यायला वाट मोकळी होती. अशा वेळी चित्रपटाच्या सुरुवातीलाच एका निर्मात्याचा खून दाखवणं म्हणजे लोकांनी सकाळी वाचलेलं संध्याकाळी त्यांना दाखवणं होतं.

कॅमेऱ्यामागे अमेरिकन छायालेखक जेरार्ड हूपर होते, पुढे मझहर कामरान आले. चित्रण बरंचसं खऱ्या जागी झालं. म्हणून पाऊस खरा वाटतो, जिने ओले दिसतात, भिंतींना ओल आलेली असते. आमच्या गटातली मूळची परळची एक बाई म्हणाली, “मला वास आला गं, पावसाळ्यात चाळीच्या जिन्याला येतो ना, तसा.” अशी नोंद वहीत जरूर करा. कलाकृतीचा काळ तिच्या अंगावर कुठे उमटलाय, हे अशा वाक्यातून कळतं.

दुसरी बैठक : आडनावांचा रकाना

आता पॉजचं बटण वापरा. पात्रांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा : गाव कुठलं, आईबाप कोण, या धंद्यात का आला. जिथे चित्रपट सांगत नाही तिथे फुली मारा.

भीकू म्हात्रे, भाऊ ठाकुरदास झावळे, विठ्ठल मांजरेकर, इन्स्पेक्टर खांडिलकर, वकील मुळे, जग्गा या दुसऱ्या गुंडाचा माणूस पक्या. आडनावं बघा. मुंबईचा टोळीपट मराठी आडनावांनी भरलेला आहे आणि हे खोटं नाही. त्या काळातल्या टोळ्यांत मराठी पोरं होतीच. पण फुल्या मोजल्यावर आमचं सभागृह गप्प झालं. जवळजवळ सगळ्यांपुढे फुली.

सत्यापुढे फुली असणं मला पटतं. तो कुठून आला, कोण आहे, हे न सांगणं हीच लेखकांची निवड आहे. शहरात उतरलेला निनावी माणूस म्हणूनच तो भीती घालतो. पण भीकूचं काय? तो तर याच मातीतला. उरण, पनवेल, अलिबाग, ठाणे या पट्ट्यात कुठेही दगड भिरकावला तर म्हात्रेच्या कौलावर पडेल. आगरी माणसाचं आडनाव ते. आमच्या पट्ट्यातल्या म्हात्र्यांची भातशेती आणि मिठागरं नवी मुंबईसाठी गेली. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. तिकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि गिरणगावातल्या घराघरांतली चूल विझली. तिथली काही पोरं कुठे गेली हे लालबाग-परळमध्ये कुणालाही विचारा.

यातलं एक अक्षर चित्रपटात नाही. भीकूला मुंबईचा राजा व्हायचंय, पण त्याच्या बापाचं या मुंबईत काय झालं ते आपल्याला कधीच कळत नाही. माझे बाबा १९९८ ला आमच्या आग्रहाने ‘सत्या’ बघून आले. जेवताना भावाने विचारलं, कसा वाटला? बाबा म्हणाले, “बरा हाय. पन यो आपला म्हात्रे नाय.” तेव्हा मला राग आला होता. आता फुल्यांनी भरलेलं पान समोर ठेवलं की बाबांचं म्हणणं पटतं.

मात्र एक काळजी घ्या. चित्रपटात जे नाही त्याची यादी अमर्याद लांबवता येते. आपल्याला हवा तो चित्रपट मनात धरून समोरच्याला नापास करणं सोपं असतं. म्हणून प्रत्येक फुलीपुढे एक प्रश्न लिहा : हे सांगितलं असतं तर चित्रपट खोल झाला असता, की नुसता लांबला असता? भीकूपुढे मी ‘खोल’ लिहिलं. पक्यापुढे ‘लांबला’. भीकूच्या टोळीतल्या कल्लूमामापुढेही ‘लांबला’. सौरभ शुक्लांच्या नुसत्या बसण्यात त्या माणसाची सगळी वर्षं दिसतात.

प्यारी आणि विद्या

मी सगळ्यात जास्त वेळ इथे थांबले, तुम्हीही थांबा. शेफाली शाह, तेव्हाच्या शेफाली छाया, यांना प्यारी म्हणून मोजकेच प्रसंग आहेत. भीकू आणि प्यारीचं भांडण आवाज बंद करून बघा. हात कुठे जातात, कोण आधी मागे सरकतं, कोण कुणाच्या अंगावर जातं. तो हात उगारतो तेव्हा ती घाबरून भिंतीला लागत नाही, तीही उलटून येते. आणि मग दोघांनाही हसू फुटतं. आवाजासकट बघताना आपण त्या हसण्यात वाहून जातो. आवाज काढला की मार दिसतो. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच खोलीत आहे. असं घर मी आजूबाजूला बघितलेलं आहे. आमच्या गटात यावर जोराचं भांडण झालं. दोन तरुण मुली म्हणाल्या, हा मार गोड करून दाखवलाय. मला वाटतं चित्रपट तो गोड करत नाही, तो त्या नवराबायकोच्या सवयीचा भाग म्हणून दाखवतो. पण त्यांचं म्हणणं मी माझ्या वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे.

भीकू गेल्यावर प्यारीचा आक्रोश बघा. तिच्या रडण्यात राग आहे, त्याला मेल्याबद्दल जाब विचारणं आहे. टोळीपटातल्या बायकोला एवढी जागा मिळालेली मला त्याआधी आठवत नाही. फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार शेफालींना मिळाला तो याच कामासाठी. मनोज बाजपेयींना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला हे सगळ्यांना माहीत असतं. भीकूचं घर अर्धं प्यारीने उभं केलंय हे कमी बोललं जातं.

विद्याचं मात्र उलटं. ऊर्मिला मातोंडकर साधी सुती साडी नेसून, मेकअप उतरवून समोर येते, हे त्या काळात धाडसाचं होतं. पण विद्याचे प्रसंग एकापुढे एक लावून बघा. तिला गायिका व्हायचंय. संगीतकार तिला उभं करत नाही. सत्या त्याला धमकावतो आणि तिला गाणं मिळतं. आता वहीत लिहा : तिला स्वतःच्या गळ्यावर मिळालं असं वाटणारं काम मुळात बंदुकीने मिळालेलं आहे. केवढा मोठा धक्का आहे हा एका गायिकेसाठी! चित्रपट याकडे प्रेमाची भेट म्हणून बघतो आणि पुढे जातो. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजची चाल, लताबाईंचा आवाज, सगळं आपल्याला पुढे घेऊन जातं. माझ्या मते ‘सत्या’तली सगळ्यात मोठी उणीव ही आहे, आणि १९९८ ला ती मला दिसली नव्हती, कारण मीही त्या गाण्यांबरोबर वाहत गेले होते.

पोलिसांचे प्रसंग वेगळे काढून बघा

परेश रावल यांचे आयुक्त आमोद शुक्ला आणि आदित्य श्रीवास्तव यांचा खांडिलकर, यांचे सगळे प्रसंग सलग बघा, मधलं सोडून. वेगळाच चित्रपट दिसतो. कायदा फक्त पोलिसांचे हात बांधतो आणि गुंड वकिलाच्या जोरावर सुटतात, हे म्हणणं त्यात ठाम आहे. मग पोलीसही कायद्याबाहेर पाऊल टाकतात आणि प्रेक्षकाला हायसं वाटतं.

याची दुसरी बाजू त्या काळच्या मुंबईतच घडत होती. १९९७ साली पोलिसांनी टोळीवाले म्हणून मारलेल्या जावेद फावडा आणि सदा पावले यांच्या चकमकी न्यायालयात गेल्या. सत्र न्यायाधीशांच्या चौकशीने पोलिसांची हकिकत मानली नाही. पुढे उच्च न्यायालयाने तो निष्कर्ष फिरवला. म्हणजे चकमक खरी की खोटी हा वाद तेव्हा शहरात जिवंत होता. चित्रपटाने त्यातली एकच बाजू उचलली. आमच्या गावाने पोलिसांची गोळी शेतकऱ्यांवर सुटलेली बघितली आहे. त्यामुळे या प्रसंगांत मला हायसं वाटणं जमत नाही. हे माझं वैयक्तिक असेल, पण वही वैयक्तिकच असते. तुमचाही असा एखादा अनुभव असेल तर तो लपवू नका, फक्त समीक्षेत तो कुठून आला ते स्पष्ट लिहा.

तिसरी बैठक : मेलेल्यांची यादी

दिग्दर्शक राम गोपाल वर्मांनी पडद्यावर लिहून ठेवलं आहे की सत्यासाठी त्यांच्या डोळ्यांत जेवढं पाणी आहे तेवढंच सत्याने मारलेल्या माणसांसाठीही आहे. आपल्या दृष्टीने ही पाटी फार मोलाची, कारण चित्रपटाने आपणहून दिलेला हा शब्द आहे. बाहेरचा कुठलाही निकष लावण्यापेक्षा त्याला त्याच्याच शब्दावर तोलणं सगळ्यात न्यायाचं.

म्हणून तिसऱ्या बैठकीला वहीत चार रकाने आखा. मेलेल्याचं नाव. कुणी मारलं. त्याचं घर दिसलं का. त्याच्यासाठी कोण रडलं. आणि पहिल्या मिनिटापासून भरत चला. सुरुवातीचा निर्माता, जग्गा, गुरू नारायण, आयुक्त शुक्ला, भीकू, मुळे, भाऊ, सत्या आणि मधले बाकीचे. मी उत्तरं भरून देत नाही, ती तुम्हीच भरायची. भीकूच्या ओळीत चारही रकाने भरतात, एवढं सांगते. तिथे चित्रपट आपला शब्द पाळतो, फक्त तो टोळीतल्या माणसासाठी पाळतो.

आणि मग थिएटरचा प्रसंग येतो. सत्या आणि विद्या सिनेमाला गेलेत. पक्या पोलिसांना खबर देतो. पोलीस दारं बंद करून एकाच दारातून लोकांना सोडायला लागतात. सत्याला पकडलं जाण्याची भीती आहे, त्याहून मोठी भीती म्हणजे विद्यासमोर उघडं पडण्याची. तो गोळी झाडतो, गर्दी बिथरते, लोक एकमेकांच्या अंगावरून पळतात आणि माणसं चिरडून मरतात. तो विद्याला घेऊन निसटतो.

हा प्रसंग तीनदा बघा. पहिल्यांदा सत्याकडे, दुसऱ्यांदा विद्याकडे, तिसऱ्यांदा फक्त बाकीच्या प्रेक्षकांकडे. तिसऱ्या वेळी माझा हात थांबला. ती माणसं आपल्यासारखी तिकीट काढून आलेली होती. कुणाबरोबर पोरं होती. त्यांचं कुठल्याच टोळीशी देणंघेणं नव्हतं. वहीतल्या रकान्यात त्यांचं नाव लिहायला गेले तर नाव नाही. घर नाही. रडणारं कुणी नाही. आणि सत्याच्या हातून झालेलं सगळ्यात मोठं हत्याकांड हेच आहे.

माझ्या पहिल्या पानावर हा प्रसंग नव्हता, हे मी वर सांगितलं. आमच्या बारा पानांपैकी फक्त तिघांच्या पानांवर तो होता, आणि त्या तिघांनीही ‘विद्याला सत्याचं खरं रूप कळतं तो प्रसंग’ असा लिहिला होता. मेलेली माणसं एकाच्याही पानावर नव्हती. यात चित्रपटाचा दोष किती आणि आपला किती, यावर आम्ही दीड तास बोललो. माझं मत असं : चित्रपटाने कॅमेरा सत्या-विद्यावर ठेवला, म्हणून आपण त्यांच्याबरोबर बाहेर पडलो. पाटीवर दिलेला शब्द इथे मोडला आहे.

लिहायला बसताना

आता पहिलं पान उलगडा आणि शेवटच्या पानाशेजारी ठेवा. लेखाची सुरुवात या दोन पानांतल्या फरकापासून करा. ‘कालातीत’, ‘मैलाचा दगड’ असले शब्द वापरू नका; त्यांनी वाचकाला काहीच दिसत नाही. पुरस्कारांची जंत्री दोन ओळींत आटपा.

चित्रपट आणि त्याचा प्रभाव वेगळे ठेवा. ‘कंपनी’ २००२ ला आला, ‘डी’ २००५ ला, आणि पुढे रांगच लागली. त्या रांगेतल्या वाईट नकलांचं पाप ‘सत्या’च्या माथी मारू नका, आणि चांगल्यांचं पुण्यही आपोआप त्याच्या खात्यात टाकू नका. माझ्या भावाच्या मुलाखतीत हसणाऱ्या त्या दोघांचा हिशेबही मी चित्रपटाच्या नावावर लावत नाही. ते हसले ते त्यांचं.

दिग्दर्शकाने पुढे काय केलं यावरूनही निकाल देऊ नका. २०२५ ला ‘सत्या’ पुन्हा बघून वर्मांनी स्वतःच जाहीरपणे लिहिलं की आपण रडलो, आणि या यशानंतर आपण वाट चुकलो. ते प्रामाणिक वाटलं, पण तो त्यांच्या आयुष्याचा हिशेब आहे. तुमच्यासमोर १९९८ चा चित्रपट आहे.

प्रत्येक दोषापुढे तो कुठल्या प्रसंगात दिसतो ते लिहा. प्रसंग सापडला नाही तर तो दोष खोडा. गुणांनाही हाच नियम. मी ‘संकलन उत्तम’ असं लिहिलं होतं आणि प्रसंग विचारल्यावर अडले. मग गणपती विसर्जनाचा शेवट पुन्हा लावला. गुलाल, ढोल, माणसांचा लोंढा, त्यात भाऊकडे सरकणारा एकटा सत्या. प्रत्येक तुकड्यात तो कुठे आहे हे आपल्याला कळतं आणि भाऊला कळत नाही. विशीतल्या अपूर्व असरानीने भानोदयबरोबर हे संकलन केलं होतं. आता ते वाक्य वहीत राहिलं.

शेवटी एक पान मोकळं सोडा. ज्या प्रसंगाबद्दल अजून ठरत नाही तो तिथे लिहायचा आणि पुढच्या वेळी बघताना तिथून सुरुवात करायची. माझ्या त्या पानावर विद्याचं दार आहे. भाऊला मारून जखमी सत्या तिच्या दाराशी येतो, ती दार उघडत नाही. पहिल्या शनिवारी मी लिहिलं, ‘तिने उघडायला हवं होतं.’ दुसऱ्या शनिवारी ते खोडून लिहिलं, ‘उघडलं नाही तेच बरोबर, चित्रपटात पहिल्यांदाच ती स्वतः काहीतरी ठरवते.’ तिसऱ्या शनिवारी, थिएटरचा प्रसंग तीनदा बघून झाल्यावर, तेही खोडलं. दाराच्या आतल्या बाजूला उभी राहून ती कुणाकुणासाठी रडते आहे, हे मला अजून कळलेलं नाही.